मोतमाउलीच्या पायऱ्या

सप्टेंबर जवळ आला की खारघरमधील माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: “डॉक्टर, आईला यंदा मोतमाउलीला न्यायचे आहे, पायऱ्या झेपतील का?” विचारणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे असतात, तशीच हिंदू व इतर धर्मीयही. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिन. त्या सुमारास वांद्र्याच्या टेकडीवर आठवडाभर जत्रा भरते.

या माउंट मेरी चर्चचा इतिहास जाणून गेलात, तर दर्शन अधिक अर्थपूर्ण होईल. पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी मेरीमातेची मूर्ती सोळाव्या शतकात येथे आणली व लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. १७०० साली अरब चाच्यांनी सोनेरी वस्तूच्या लोभाने मूर्तीचा उजवा हात तोडला, असे सांगतात. कालांतराने दुरुस्त झालेली तीच मूर्ती आज पूजेत आहे. कोळी बांधवांनी ‘मोतमाउली’ म्हणून ही देवता आपली करून घेतली.

खारघरहून मोटारीने जाताना आपण माहीमच्या कॉजवेवरून वांद्र्यात शिरू शकता. १८४५ साली खुल्या झालेल्या या रस्त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी देणगी दिली होती. आजारी मुलासाठी बोललेला नवस फेडण्यासाठी ती दिली, अशी आख्यायिका आहे.

सध्याची वास्तू १९०४ मधील. वास्तुरचनाकार शापूरजी चांदाभॉय. समोर दोन निमुळते मनोरे, टोकदार गॉथिक कमानी, आत उंच छत आणि भिंतींवर मेरीमातेच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरताच डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. मोतीबिंदू असलेल्यांनी दारातच मिनिटभर थांबावे, नजर स्थिरावली की मगच पाऊल टाकावे.

पायऱ्या चढताना कठड्याचा आधार घ्यावा. एक गुडघा दुखत असेल तर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. छातीत दडपण, घाम किंवा दम जाणवल्यास तेथेच बसावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. दमेकऱ्यांनी मेणबत्त्यांच्या धुरापासून दूर राहावे. शक्य असल्यास जत्रेची गर्दी टाळून एखाद्या साध्या दिवशी सकाळीच जावे. मेरीमाता वर्षभर तेथेच असते.

आता सर्वांत महत्त्वाचे. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे, घरेही मिळतात. ज्याचे जे दुखते, त्या अवयवाची मेणाची प्रतिमा तो माउलीपुढे ठेवतो. वृद्ध माणसे घरी ‘मला काही होत नाही’ म्हणतात. मुलांना त्रास नको, खर्च नको, ही त्यामागची माया. पण दुकानापाशी त्यांचा हात बरोबर दुखऱ्या अवयवाच्या प्रतिमेकडे जातो. काळजीवाहकांनो, त्या क्षणी घाई करू नका. आईने कोणती प्रतिमा उचलली ते पाहा. पाय उचलला असेल तर गुडघ्याविषयी, डोळा उचलला असेल तर नजरेविषयी वाटेत हळुवार विचारा, आणि तेच उत्तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना सांगा.

नवस आणि औषध यांत मला विरोध दिसत नाही. मात्र नवस बोलला म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवू नये. उपचार आम्ही करू. पण कुठे दुखते, हे कोणीतरी आपुलकीने विचारावे, ही ज्येष्ठांची गरज घरच्यांनीच भागवायची आहे. पायऱ्या झेपणार नाहीत असे वाटले, तरी ‘नाही’ म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा. सगळ्या पायऱ्या चढता आल्या नाहीत, तर खालूनच हात जोडावेत. समुद्राचा वारा तेथेही येतो, आणि शेजारी आपले माणूस असते.