पन्नाशीपलीकडची बाई

जव्हार-मोखाडा ही नावे शहरी वाचकाला दोनच गोष्टींसाठी ठाऊक असतात : वारली चित्रे आणि कुपोषण. १९९२च्या सुमारास वावर-वांगणीत बालके दगावली. तेव्हापासून इथली स्त्री आपल्याला भेटते ती बहुधा मांडीवर मूल असलेली आई म्हणूनच. मांडी रिकामी झाल्यावर त्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न घेऊन आम्ही इथल्या काही पाड्यांवर हिंडलो.

साठीच्या आसपासच्या एका वारली बाईचे बोलणे अजून मनातून जात नाही. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायचे, पावसाआधी परतायचे. मार मात्र दोन्हीकडे सारखाच. तरुणपणी निदान माहेर होते. आता आईबाप नाहीत आणि लेकाच्या संसारात आपले गाऱ्हाणे नेण्याची तिला लाज वाटते. ‘या वयात कुणाला सांगायचं?’ एवढेच ती म्हणाली.

तिच्या तोंडचे ‘या वयात’ हे शब्द शासनाच्या कागदांतही दडलेले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) घरगुती हिंसेचे प्रश्न १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांनाच विचारले गेले. ज्येष्ठांसाठीचा २००७चा कायदा निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आणि वारसदार नातलगांवर टाकतो. मारणाऱ्या नवऱ्याचा विचार त्यात नाही. एकीकडे ती पत्नी म्हणून मोजली जात नाही, दुसरीकडे केवळ आई म्हणून उरते.

वास्तविक कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा बाईचे वय विचारीत नाही. विवाहसदृश नातेही तो मानतो. हे इथे मोलाचे, कारण खर्च झेपत नाही म्हणून लग्नविधीवाचूनच वर्षानुवर्षे एकत्र नांदणारी जोडपी या भागात आहेत. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे ‘लग्नगडी’ तर गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या वाचकांना परिचित आहेतच. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क हा कायदा तिला देतो. भट्टीवर असताना तिथल्या न्यायालयातही तिला दाद मागता येते. विनामूल्य वकिलाचा हक्क १९८७च्या विधी सेवा कायद्यानेच दिलेला आहे.

परंतु हक्कापर्यंत पोहोचायला एसटीचे भाडे लागते, तिची बोली समजणारे माणूस लागते, आणि पुन्हा त्याच घरी परतावे लागले तर तिच्यावर लक्ष ठेवणारी शेजारीण लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस यंत्रणेतच समाजकार्यकर्त्यांचा विशेष कक्ष सुरू केला. तसा कान पाड्यापर्यंत यायला हवा.

वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी. म्हणजे एक बाईच. तिची गाणी झाल्याखेरीज लग्न लागत नाही. ज्या समाजात संसाराचा आरंभ बाईच्या शब्दाने होतो, तिथे चाळीस वर्षांच्या संसारानंतर बाईने उच्चारलेल्या शब्दालाही तेवढेच वजन असावे, एवढेच आमचे मागणे आहे.