किनाऱ्यावरचे आवाज

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहावे. लाटांची गाज, सुरूच्या बनातील वारा, कुलाबा किल्ल्याकडे पायी निघालेल्यांची बोलणी, कोळणीची हाक, असे सारे आवाज एकदमच कानी पडतात. तरी कोणी कोणाच्या आड येत नाही. हवे तेवढे ऐकावे आणि नको ते सोडून द्यावे, ही विद्या कानाला उपजतच असते.

यंत्राला ती अवगत नाही. समजा, मुलांनी या किनाऱ्याची चित्रफीत करावयास घेतली. ३ जून २०२० रोजी अलिबागनजीक किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाची आठवण एक वृद्ध कोळी सांगत आहे. संगणकावर तुकडे जोडून पाहावेत, तो त्याचे बोलणे नीट ऐकूच येत नाही. आवाज वाढवावा, तर पुढच्याच तुकड्यातील लाट कानठळ्या बसविते!

संगणकाच्या पडद्यावर आवाज उंचसखल रेघांनी दिसतो. प्रत्येक तुकड्यातील सर्वांत उंच रेघ सारखी केली की काम झाले, असे प्रथम वाटते. पण म्हातारा मध्येच एकदा खोकला असेल, तर उंच रेघ त्या खोकल्याची असते. बोलणे बिचारे खालीच राहते. म्हणून मोजावयाचे ते क्षणाचे शिखर नव्हे, तर कानाला एकंदरीत जाणवणारी तीव्रता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली तिच्या मोजणीची रीत ठरवून दिली. चित्रफीत जुळविण्याच्या अनेक प्रणालींत ते माप आता आयतेच मिळते.

तरीही खरे काम किनाऱ्यावरच होते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तो मागाहून चढविता येतो खरा, परंतु शब्दाबरोबर वाराही तितकाच चढतो. त्यापेक्षा वाऱ्याकडे पाठ करून दोन पावले जवळ जावे, हे बरे.

आणि सारे आवाज एका उंचीचे करण्याचा हट्टही नसावा. घराचे छप्पर कसे उडाले, हे म्हातारा हात उंचावून मोठ्याने सांगतो. मोडलेल्या होडीपाशी येताच त्याचा स्वर खाली जातो. यंत्र तोही उचलून इतरांइतका करू पाहते. तेथे मुलांनी यंत्राचे ऐकू नये. स्वर तसाच राहू द्यावा आणि त्यामागे वेगळी जोडलेली लाटांची गाज तेवढी थोडी उतरवावी.