रांगण्याचे पेढे

घरात लहान मूल असलं की 'चालायला लागलं का?' हा प्रश्न ठरलेला. आमची चिऊ डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आली, आणि आमच्याकडे ह्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ अडीच वर्षं 'अजून नाही' हेच होतं. दर रविवारी सांगलीहून आईचा फोन. "अरे, चालते का रे चिऊ?" शेवटी बायकोने फोनवर यायचंच बंद केलं.

डाउन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, सांधेही. चालणं साधारण दोन वर्षांच्या आसपास येतं, काही मुलांना चौथं वर्ष उजाडतं. हे सगळं आम्ही वाचलं होतं. पण वाचलेलं फोनवर उपयोगी पडत नाही!

इथे अमेरिकेत 1986 च्या कायद्याने अशा मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत मदत मिळते. आमच्याकडे थेरपिस्ट घरी यायची, आमच्याबरोबर जमिनीवर बसून पुढची उद्दिष्टं लिहून काढायची. त्यात 'चालणं' नव्हतंच. 'सोफ्याला धरून दहा सेकंद उभी राहील.' 'एक हात सोडून खेळणं उचलेल.' मोठ्या कामाचे तुकडे पाडायची ऑफिसात सवय आहे, पण चालण्याचे इतके तुकडे होतात हे नव्यानेच कळलं. कागद फ्रिजवर लावला. जमलं की बायको पुढे तारीख घालायची.

2021 च्या दिवाळीत, 19 महिन्यांची असताना, चिऊ रांगली. थेट लाडवाच्या डब्याकडे! मी भावाला सांगून सांगलीत गल्लीभर पेढे वाटायला लावले. आई अवघडली. "रांगण्याचे कुणी पेढे वाटतं का रे?"

गंमत पुढेच आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये इथल्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्यसंस्थेने मुलांनी कोणत्या वयात काय करावं त्याची यादी बदलली. त्या वयाच्या निदान 75 टक्के मुलांना जे जमतं तेच ठेवलं, आणि रांगणं चक्क काढून टाकलं. (काही मुलं न रांगताच उभी राहतात, हे खरं.) म्हणजे आम्ही पेढे वाटले आणि तीन महिन्यांत तो टप्पाच रद्द! असो. फ्रिजवरची तारीख आम्ही खोडली नाही.

पेढ्यांचा परिणाम मात्र झाला. गल्लीतले लोक आईला चिऊबद्दल विचारायला लागले, आणि आईचा प्रश्न बदलला. "आज किती सेकंद?" बारा. पंधरा. मग तीच सुचवायला लागली, "चमचा स्वतः तोंडात नेते का? ते लिहिलंस का कागदावर?" लिहिलं नव्हतं. बायकोने लिहिलं, आणि पुढच्या रविवारी आईला सांगायला तीच फोनवर आली.

सप्टेंबर 2022. चिऊने सोफा सोडला, चार पावलं टाकली आणि माझ्या पायावर येऊन आदळली. इथे संध्याकाळ, तिकडे पहाटेचे तीन. बायकोने तरी फोन लावला.

"किती?"

"चार, आई."

"आणि मग? रडली?"

"नाही हो, हसली."

"मग पाच लिही."

आता चिऊ शाळेत जाते. सध्या फ्रिजवर 'जॅकेटची चेन स्वतः लावेल' असं आहे. वर ओढणं जमतं, खालचं टोक अडकवणं अजून नाही. आईला कळवलंय.