क्रेनशॉ-स्लॉसनचा नाका

लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात क्रेनशॉ आणि स्लॉसन हे रस्ते मिळतात, तिथे एक साधीशी दुकानांची रांग आहे. पुढे गाड्या लावायला जागा. रॅपर निप्सी हसल पोरवयात इथेच गाडीच्या डिकीतून आपल्या गाण्यांच्या सीड्या विकायचा. जून २०१७ मध्ये तिथेच त्याचं ‘मॅरेथॉन क्लोदिंग’ हे कपड्यांचं दुकान उघडलं.

*

२०१३ : ‘क्रेनशॉ’ मिक्सटेप इंटरनेटवर फुकट, आणि तिच्याच १००० प्रती १०० डॉलरला एक. रॅपर जे-झीने एकट्याने १०० उचलल्या. गाणं फुकट, वस्तूचे मात्र पैसे. दुकानातही तेच गणित : टी-शर्टवर फोन धरला की इतरत्र न मिळणारं गाणं, व्हिडिओ.

*

दुकान हाच कट्टा, ही कल्पना जुनीच. न्यूयॉर्कला जेम्स जेबियाने १९९४ मध्ये ‘सुप्रीम’ हे दुकान काढलं, तेव्हा कपडे भिंतींलगत लावून मधली फरशी मोकळी सोडली. पोरांनी स्केटबोर्डसकट आत शिरावं म्हणून. फुटाफुटाचं भाडं मोजणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. २०२० मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशनने दोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून तो ब्रँड घेतला. गर्दी पोरांची, सौदा मालकांचा.

निप्सीचं म्हणणं नेमकं इथे वेगळं पडतं. जागाच आपल्या नावावर हवी. भागीदाराबरोबर त्याने ती अख्खी दुकानांची रांग विकत घेतली. मला त्याच्या गाण्यांपेक्षा हा व्यवहार जास्त धीट वाटतो.

*

निप्सीकडून जवळच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना बूट. तुरुंगातून सुटलेल्यांना दुकानात काम. २०१८ मध्ये ‘व्हेक्टर ९०’ : वर नवउद्योजकांना बसायला जागा, खाली मुलांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे वर्ग.

*

तो ‘रोलिन सिक्स्टीज’ टोळीतून आलेला, आणि ते लपवायचाही नाही. त्यामुळे मोहल्ल्याला जो कट्टा, तो पोलिसांना टोळीचा अड्डा. त्याला तिथून हुसकावण्यासाठी शहर प्रशासनाने जुन्या जागामालकावर दबाव आणला होता. ३१ मार्च २०१९ ला दुकानासमोरच त्याला गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी टोळीहिंसेवर बोलायला पोलीसप्रमुखांशी बैठक ठरली होती. त्याच वर्षी नगर परिषदेने चौकाला त्याचं नाव द्यायचा ठराव केला. एकमताने!

*

अंगरक्षक का नव्हते, असं अजूनही विचारतात. ठेवले असते तर जीव कदाचित वाचला असता. पण दारात दोन धिप्पाड माणसं उभी असताना नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्याने ‘जरा कपडे बघ रे माझ्यासाठी’ म्हणत आत यायचं कसं? त्या दिवशी तो दुकानावर आला होता तो अशाच एका दोस्तासाठी.