यंत्राची मुखत्यारी
आज लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती बसविताच वायफायचा ड्रायव्हर निकामी झाला. कारण तो कर्नलच्या मूळ स्रोतवृक्षाबाहेरचा असून, कर्नलची अंतर्गत रचना पालटली की त्याची नव्याने होणारी जुळणी फसते. ग्रब या बूटलोडरच्या यादीतून जुने कर्नल निवडले, आणि काम पूर्ववत सुरू झाले. दोषाचे कारण मात्र जुळणीच्या दप्तरात अक्षरशः नमूद होते, याचे मला विलक्षण समाधान वाटते. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभिलेले आणि १९९२ मध्ये जीपीएल परवान्याखाली आलेले हे लिनक्सचे कार्य मला माझ्या यंत्राची जी मुखत्यारी देते, तिच्यापायी संध्याकाळ खर्ची पडली तरी माझी तक्रार नाही. प्रिंटरची रांग मात्र अद्याप अडकलेलीच आहे. छपाई सांभाळणाऱ्या कप्सची नोंदवही उद्या पाहीन.