चुलीचा कोपरा



गेल्या हिवाळ्यात माझ्या अमेरिकेतल्या भाचीनं तिच्या हॉलमधल्या फायरप्लेसचा फोटो पाठवला. जुनी, काळवंडलेली होती, तिनं स्वतःच विटा पांढऱ्या रंगवल्या. खाली लिहिलं होतं, "मावशी, तू असतीस तर निम्म्या वेळात झालं असतं." आपल्याकडे कुठली आलीय फायरप्लेस! पण फोटो बघता बघता माझी नजर आमच्या चुलीच्या कोपऱ्याकडे गेली.

आमचं घर चाकणच्या गावठाणातलं. पुढे किराणा-भुसाराचं दुकान, मागे स्वयंपाकघर. तिथल्या जाड भिंतीत कमानीचा एक कोनाडा, त्यात चूल आणि बाजूला वैल, वर धुराडं. गॅस खिडकीपाशी आला तेव्हापासून चुलीवर फक्त हिवाळ्यात पाणी तापायचं. अकरा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तेही थांबलं. मग रिकाम्या बरण्या, रद्दी, फुटकी बादली, सगळं तिथं. मुलगा म्हणाला, पाडूनच टाकू. एमआयडीसी आल्यापासून चाकणात मोकळा कोपरा दिसला की लोकांना तिथं भाड्याची खोली दिसते! मिस्त्रीनं अठरा हजार सांगितले. मी म्हटलं, थांबा, मी बघते.

पाडायला नको म्हणण्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मी या घरात आले 1982 साली. चिंचवडला माहेरी गॅस होता आणि मी बी.कॉम. झालेली, त्याचा थोडा तोराही होता. सासूबाईंचा नियम असा की पूंजणीनं चूल पूंजल्याशिवाय काडी ओढायची नाही. लाकूड आपटून घ्यायचं, गोवरी उलटून बघायची. मला वाटायचं, रोज काय हे! लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात एका पहाटे ह्यांना पिंपरीला लवकर निघायचं होतं आणि मी न पूंजता चूल पेटवली. दोन मिनिटांत वैलाच्या भेगेतून मुंग्या बाहेर यायला लागल्या, तोंडात पांढरी अंडी घेऊन. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला तापलेली माती. पाणी ओतावं तरी मरणार. मी नुसती उभी राहिले. सासूबाई आल्या, त्यांनी जळती लाकडं हातानं ओढून अंगणात टाकली. एक शब्द बोलल्या नाहीत. ताटं वाढली तेव्हा म्हणाल्या, "मला नको, उपवासाचे पच्चक्खाण घेतलेत." त्या दिवशी ना आठम होती ना चौदस. मला कळलं. पण मी काही बोलले नाही, ना त्या दिवशी, ना पुढे. संवत्सरीला सगळ्यांबरोबर एका दमात मिच्छा मि दुक्कडम् म्हणून घेतलं, तेवढंच.

तर चैत्रात मी आणि सूनबाईनं काम काढलं. तिनं कंपनीतून दोन दिवस रजा घेतली होती. आधी सगळं कोरडंच पूंजून घेतलं. वरची धूळ काढून आतली राख चाळून डब्यात भरली. गॅस आला आणि धोवण करायला घरची राख मिळेनाशी झाली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग बॅटरी लावून धुराड्यात बघितलं तर कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, तोंडं लिंपून बंद. आत तिची पिल्लं असणार. काम थांबवलं. सूनबाई म्हणाली, "किती दिवस, आई?" मला तरी काय माहीत! कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करत गेले. तेविसाव्या दिवशी त्या मातीला भोकं दिसली, पिल्लं उडून गेलेली. तिची रजा मात्र वाया गेली. ती रागावली होती आणि मला वाटतं अजून थोडी रागावलेलीच आहे.

पुढचं काम मात्र मी चुकत चुकत शिकले. काजळी वायर ब्रशनं खरवडून वर थेट डिस्टेंपर लावला. आठवड्यात पिवळे-तपकिरी डाग वर आले, दुसरा हात दिला तरी आलेच. काजळीत तेलकटपणा असतो, तो पाण्याच्या रंगातून झिरपतो. रंगाच्या दुकानदारानं सांगितलं तसं मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिंत पुसली, चार दिवस वाळू दिली, ऑइल प्रायमर लावला, मग पुट्टी, मग रंग. आता डाग नाही. चुलीच्या पोटात विटांचे तुकडे भरून वर शहाबादी फरशी बसवली, तेवढ्यासाठी गवंडी बोलावला. फरशीवर लिंबू, चिंच किंवा अॅसिड चुकूनही घालू नका, तो चुनखडीचा दगड आहे, पांढरे चट्टे पडतात. एकूण खर्च 2,340 रुपये, वही आहे माझ्याकडे.

चूल गेली म्हणून मला उमाळे आले नाहीत. सासूबाईंचे डोळे त्या धुरानं कायम लाल असायचे, शेवटची वर्षं खोकला गेला नाही. 1983 मध्ये सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, पुढे पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनंही कमी धुराच्या चुलींवर काम केलं. आमच्या कोनाड्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही.

त्या फरशीवर आता तयार स्वयंपाक आणि गार केलेलं उकळलेलं पाणी असतं. आधी सगळं गॅसच्या ओट्यावरच. एकदा महासतीजी गोचरीला आल्या तेव्हा माझा हात ओल्या कोथिंबिरीला लागला, असुझतं झालं आणि त्या तशाच परत फिरल्या. किती दिवस मला ते टोचत होतं. आता गॅस, नळ, भाजी सगळं लांब. (महाराजांसाठी केलं असं मात्र म्हणायचं नाही हं, घरासाठीच केलं.)

आषाढात, चातुर्मास बसायच्या आधी महासतीजी आल्या. ज्वारीची भाकरी आणि मुगाची डाळ वहोरली. त्याच दुपारी मी स्थानकात गेले आणि मुंग्यांची ती गोष्ट त्यांना सांगितली, पहिल्यांदाच कुणाला तरी. आलोयणा करायची तर काही लपवायचं नाही, म्हणून सासूबाईंचा उपवासही सांगितला. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग एक आयंबिल दिलं.

ते मी दुसऱ्याच दिवशी केलं. सूनबाईनं माझं ताट बघून विचारलं, "आज काय आहे, आई?"

मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं.