खालचा मजला

शुक्रवारी सकाळी कुवेतच्या रिग्गईत सामसूम असते. सुट्टीचा दिवस, गाड्यांच्या काचांवर रात्रभरची धूळ. अशा वेळी घुंगरांची पिशवी घेऊन दोन इमारती ओलांडताना मला अजूनही चोरी केल्यासारखं वाटतं. वय ४४. कथकची मध्यमा पूर्ण होऊन २२ वर्षं झाली. विशारदचा फॉर्म भरायचा राहिला तो राहिलाच.

ताईंचा क्लास म्हणजे त्यांच्या फ्लॅटचा हॉल. सोफे भिंतीला सरकवलेले, गालिचा गुंडाळून दाराआड उभा. पुढच्या रांगेत आठ-नऊ वर्षांच्या मुली. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, "आंटी, तुमची मुलगी कुठाय?"

ताईंनी एक तुकडा म्हणायला सांगितला. मी हातावर टाळी-खाली धरत घडाघडा म्हटला, तिहाई बरोब्बर समेवर आली. मुली वळून बघायला लागल्या. "आता करा," ताई म्हणाल्या, आणि माझ्या पायांनी सरळ हात वर केले.

तोंड विसरलं नव्हतं, याचं मला फारसं नवल नाही. रोहिणीताई भाट्यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती काढली. त्यांच्या शिष्यांच्या हाताखाली शिकलेल्या आमच्या बाई पढंत पक्की झाल्याशिवाय घुंगरांना हात लावू द्यायच्या नाहीत. पुढे कुकरच्या शिट्ट्या मोजताना, सिग्नलला थांबल्यावर माझी बोटं आपली आपण सोळा मात्रा मोजत राहिली. पायांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तत्कार दुगुनीपर्यंत निभावला. चौगुनीत मी अडखळायचे, आणि दर वेळी एकाच जागी. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. यात पहिला तत् डाव्या पायावर येतो आणि पुढचा आसुद्धा डाव्यावरच. एकच पाय लागोपाठ दोनदा. मधल्या क्षणात वजन उजव्यावर गेलेलं असायला हवं, तरच डावा मोकळा होऊन पुन्हा उचलला जातो. माझं वजन डाव्यावरच रेंगाळायचं. मग पाय उचलायचा नाही, नुसता घासायचा. लहानपणी हे आपोआप व्हायचं, त्यामुळे ते कसं होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यात इथली जमीन. बॅलेवाले उड्यांसाठी लाकडी, खाली पोकळी ठेवलेली, दबून वर येणारी जमीन करून घेतात. आम्हाला वाजणारी जमीन लागते. पुण्यात क्लास तळमजल्यावर होता, शहाबादी फरशी आणि खाली नुसती माती. कितीही आपटा! इथे स्लॅबवर टाइल्स, आणि त्याखाली कुणाचं तरी छत. घरी रियाज सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या नडग्या ठणकायला लागल्या आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या बाई वर आल्या. कडेवर झोपमोड झालेलं बाळ. भांडल्या नाहीत, नुसतं बाळ दाखवलं. त्याला काय उत्तर देणार?

घरच्या रियाजापुरती घुंगरं डब्यात गेली. (एका पायात शंभर, म्हणजे दोनशे घुंगरं, आईनं पुण्याहून आणली तेव्हा विमानतळावर बॅग उघडायला लावली होती.) मी आवाज न करता तत्कार करायला लागले. पूर्ण तळवा टेकवायचा, पण आदळायचा नाही. विलंबित लयीत, फोनवर लेहरा अगदी हळू लावून. आणि तेव्हा माझा खोटेपणा उघडा पडला. आवाज असताना घासलेला पायही त्या गलक्यात खपून जायचा. आता मोकळी जागा मोकळीच दिसायची. विशीत मी ज्या चौगुनीवर टाळ्या घेतल्या, तिच्यातही हा आ अर्धाच पडत असणार, असा मला आता दाट संशय आहे.

दोन महिने एवढंच केलं. तत्, आणि आ. तत्, आणि आ.

परवा लिफ्टमध्ये मिसरी बाई भेटल्या. बाळ आता दात दाखवत हसतं. त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं. "डान्स, खलास?"

"नाही," मी म्हटलं, "रोज. पाऊण तास."